रक्ताच्या पेढीची वही



'रक्तपेढी' हा शब्द मराठीत ज्याने कोणी प्रथम योजला, त्याला ह्या व्यवसायाचे मर्म पुरते उमगलेले असले पाहिजे. शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी १९३७ साली रक्त साठवण्याची व्यवस्था उभी केली आणि तिला 'ब्लड बँक' असे नाव दिले, तेव्हा ठेव आणि उचल हाच हिशोब त्यांच्या मनात होता. आपण बँकेला पेढी म्हटले. आणि पेढी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी तिजोरी येत नाही, येतो तो बैठ्या मेजाशी बसलेला मुनीम आणि त्याच्या पुढ्यातील लाल बांधणीची चोपडी. तिजोरी भरलेली असली तरी वही हरवली की पेढी बुडाली, हे जुन्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नसे. रक्ताच्या पेढीचेही तसेच आहे. शीतकपाटात पिशव्या ओळीने मांडलेल्या असतील; पण कोणती पिशवी कोणाची, केव्हाची, कोणत्या गटाची, कोणकोणत्या तपासण्यांतून पार पडलेली, हे सांगणारी चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीला आधार देणारी वही जर चुकली, तर पिशवीतले औषध विषासारखे काम करते. २०२० साली नियमांत दुरुस्ती झाली आणि कायद्याच्या भाषेत 'ब्लड बँके'चे 'ब्लड सेंटर' झाले. मला मात्र जुना शब्दच अधिक बोलका वाटतो, आणि आजच्या भाषणात मी तोच वापरणार आहे.

हा विषय कोठेही सांगता आला असता. तो मी आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात सांगणार आहे, कारण चिठ्ठी आणि वही ह्यांची कसोटी लागावी असा हा मुलूख आहे. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्याचे सरकारी दप्तर उर्दूत चाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग त्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा हलल्या, माणसे मात्र जागच्या जागी राहिली. बेला, जैनथ, तामसी ह्या बाजूच्या खेड्यांत आजही घरात मराठी बोलली जाते. डोंगरांत गोंड, कोलाम, परधान राहतात. बाजारात तेलुगू, उर्दू, मराठी आणि गोंडी अशा चारही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने १९४३ साली मारलवाई येथे गोंड मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा गोंडी भाषेची पुस्तके देवनागरीत काढली गेली. आणि गोंडीची स्वतःची अशी एक लिपीही नारनूरकडच्या गुंजाळा गावातील जुन्या हस्तलिखितांतून अलीकडे जगापुढे आली. भाषाभ्यासकाला हा मुलूख म्हणजे पर्वणी आहे. रक्तपेढीच्या मुनिमाला तो तितकासा सोयीचा नाही.

त्याचे कारण असे की, माणसाचे नाव हे त्याला ओळखण्याचे फार दुबळे साधन आहे. गोंडांमध्ये आत्राम, मडावी, कुमरा, सिडाम, मेश्राम, पेंदोर, तोडसाम अशी मोजकी कुळनामे. आणि व्यक्तिनामे पाहावी तर भीमराव, मारुती, जंगू, लक्ष्मीबाई, राधाबाई, जंगुबाई. एकाच दिवशी एकाच प्रसूतिकक्षात दोन आत्राम लक्ष्मीबाई असाव्यात ह्यात नवल मुळीच नाही. त्यातून तेलुगू रिवाजाप्रमाणे घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे मागून. मराठी रिवाजाप्रमाणे आधी व्यक्ती, मग बाप किंवा नवरा, मग आडनाव. एकीच्या कागदावर 'आत्राम लक्ष्मीबाई', दुसऱ्या कागदावर 'लक्ष्मीबाई भीमराव आत्राम'. ही एकच बाई की दोन? पुढे रोमन लिपी येते. तेलुगू लेखनिक 'त' लिहिताना इंग्रजी 'टी'नंतर 'एच' घालतो, मराठी लेखनिक घालत नाही. म्हणजे पैनगंगा ओलांडली की मारुतीच्या नावात एक अक्षर वाढते किंवा कमी होते. माणूस वाचणार असेल तर हसून सोडून देईल. संगणकाला हसता येत नाही, त्याला ती दोन माणसे वाटतात. शिवाय आपल्याकडील जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत, आणि वहीत तर नवऱ्याच्या नावाचा रकाना असतो. मग शेजारच्या खाटेवरची कोणी बाई ते सांगते, आणि ती सांगते तेच लिहिले जाते.

चूक झाली तर काय होते, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर हा सारा कारकुनी बारकावा वाटेल. १९०० च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिले की, माणसामाणसांच्या रक्तांत जातिभेद नसले तरी गटभेद आहेत. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर 'ए' नावाची खूण असलेल्या माणसाच्या रक्तद्रवात 'बी'च्या विरुद्ध प्रतिपिंडे आयतीच तयार असतात, आणि 'बी' गटाच्या माणसात 'ए'च्या विरुद्ध. 'ओ' गटात दोहोंच्या विरुद्ध असतात. हे शस्त्र परजून उभे असते. त्याला पूर्वीच्या कोणत्याही रक्तदानाची वाट पाहावी लागत नाही. 'ओ' गटाच्या बाळंतिणीला चुकून 'बी' गटाची पिशवी लागली, तर पहिल्या काही मिनिटांतच परक्या पेशी तिच्या रक्तवाहिन्यांत फुटू लागतात. थंडी वाजते, कंबर दुखते, रक्तदाब कोसळतो, लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात. जिला वाचवण्यासाठी रक्त लावले तिला ते रक्तच नेते. आणि अशा दुर्घटनांचा जगभर जेथे जेथे छडा लावला गेला, तेथे तेथे असे आढळले की, गट तपासणाऱ्याचे शास्त्र चुकल्यामुळे त्या क्वचितच घडतात. बहुतेक वेळा शास्त्र बरोबर असते आणि माणूस चुकीचा असतो: एकीचे रक्त दुसरीच्या नळीत भरलेले, किंवा एकीसाठी दिलेली पिशवी दुसरीच्या खाटेला टांगलेली.

म्हणून पेढीत नावापेक्षा क्रमांकाला मान. रक्तदाता येतो, त्याची नोंद होते, आणि त्याच क्षणी त्याच्या रक्ताला एक क्रमांक मिळतो. मुख्य पिशवी, तिला जोडलेल्या उपपिशव्या, तपासणीसाठी भरलेल्या नळ्या आणि रक्तदात्याचा अर्ज, ह्या सर्वांवर तोच क्रमांक. तो सुई टोचण्यापूर्वीच चिकटवायचा असतो. पिशवीच्या लांब नळीवर कारखान्यातूनच छापून आलेले आकडेही असतात; रक्त भरल्यावर ती नळी मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी बंद करतात आणि पुढे रुग्णाच्या रक्ताशी मेळ घालून पाहण्यासाठी त्यातला एकेक मणी तोडून वापरतात. मूळ पिशवी न उघडता तिच्यातले रक्त तपासता यावे, आणि मणी ह्याच पिशवीचा आहे हे त्याच्यावरच्या आकड्याने सिद्ध व्हावे, अशी ही युक्ती. काचेच्या बाटल्यांच्या काळात हे सुख नव्हते. बाटलीला डिंकाने डकवलेला कागद शीतकपाटातील ओलाव्याने सुटे, आणि सुटलेला कागद कोणत्या बाटलीचा हा प्रश्न सोडवण्याचा प्रामाणिक मार्ग एकच असे: ती बाटली ओतून टाकणे.

तेव्हा चिठ्ठीचा कागद आणि तिचा चिकटपणा ह्या गोष्टीसुद्धा क्षुल्लक नाहीत. रक्ताची पिशवी प्लास्टिकची असते. तिच्यातून काही रसायने आरपार जाऊ शकतात. म्हणून पिशवीच्या अंगावर शाईच्या जाड लेखणीने लिहिणे निषिद्ध. रक्तद्रव उणे ३० अंशांखाली गोठवून ठेवतात. त्या थंडीत साधी चिठ्ठी तडकून निघते, आणि नंतर कोमट पाण्यात पिशवी वितळवताना उरलीसुरली धुऊन जाते. वितळवताना पिशवी दुसऱ्या स्वच्छ वेष्टनात घालतात ते काहीसे ह्यासाठीही. आणखी एक नियम जुन्या मुनिमांना फार पसंत पडला असता: खाडाखोड नको. चुकलेला आकडा गिरवून सुधारायचा नाही. एक रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची.

त्या चिठ्ठीवर काय असावे हे आपल्याकडे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे रक्त हे 'औषध' ठरते, आणि त्याखालील १९४५ च्या नियमांत चिठ्ठीचा मजकूर सांगितलेला आहे. पदार्थाचे नाव, म्हणजे संपूर्ण रक्त की तांबड्या पेशी की रक्तद्रव; क्रमांक; गट आणि आरएच; रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख; किती मिलिलिटर; गोठू नये म्हणून कोणते द्रावण घातले; कोणत्या तपमानात ठेवायचे; पेढीचा परवाना क्रमांक; आणि एचआयव्ही, 'बी' व 'सी' प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप ह्या पाचही तपासण्यांचा निर्वाळा. रक्त स्वेच्छेने दिलेले आहे की नातेवाइकाच्या बदली, हेही ठळकपणे लिहावे लागते. ह्या शेवटच्या ओळीमागे मोठा इतिहास आहे. एके काळी रक्त विकून पोट भरणारे लोक शहरोशहरी होते. 'कॉमन कॉज' ह्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, त्याच वर्षी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन झाली, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्या दात्यांना बंदी झाली. एवढे सगळे त्या चिठ्ठीवरील एका शब्दात मावले आहे.

रंगांचीही एक भाषा ठरलेली आहे. 'ए' गटाची चिठ्ठी पिवळी, 'बी'ची गुलाबी, 'ओ'ची निळी आणि 'एबी'ची पांढरी. रात्रपाळीच्या झोपाळलेल्या डोळ्यांनाही रंग दिसतो, हा त्यामागचा हेतू. परंतु रंग हा पहारेकरी आहे, साक्षीदार नव्हे. निळी पिशवी पाहिली की 'ओ' असणार असे मानून अक्षर न वाचणे, ही त्या सोयीतून जन्मलेली नवी गैरसोय होय. आणि पिवळ्याचा गुलाबीशी घोटाळा करणारे डोळे नसले, तरी फिकट झालेल्या पिवळ्याचा पांढऱ्याशी घोटाळा करणारे दिवे रुग्णालयांत पुष्कळ असतात.

मुदतीचे गणितही चिठ्ठीनेच सांभाळायचे. तांबड्या पेशी नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस आणि पोषक द्रावण वेगळे घातल्यास ४२ दिवस टिकतात. त्यांना २ ते ६ अंशांचा गारवा लागतो. पेशिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, त्यांना गारवा सोसत नाही. २० ते २४ अंशांत, पाळण्यासारख्या सतत हलणाऱ्या यंत्रात त्या जेमतेम ५ दिवस जगतात. गोठवलेला रक्तद्रव वर्षभर राहतो. म्हणजे एका दात्याच्या एका पिशवीतून तीन पदार्थ निघाले तर तिघांची आयुष्ये तीन प्रकारची; आणि जातातही तीन दिशांना. तांबड्या पेशी कदाचित उटनूरच्या डोंगरातून आलेल्या बाळंतिणीला, पेशिका डेंगीने खाट धरलेल्या मुलाला, आणि रक्तद्रव भाजलेल्या एखाद्याला. क्रमांक मात्र तिन्ही पिशव्यांवर एकच.

ह्या एका क्रमांकाचे खरे मोल काही महिन्यांनी कळते. तोच दाता पुन्हा रक्त द्यायला येतो आणि ह्या खेपेस तपासणीत त्याला एचआयव्हीची बाधा आढळते. मागच्या खेपेस तपासणी निर्दोष होती. परंतु बाधा झाल्यानंतरचे पहिले काही दिवस असे असतात की, विषाणू रक्तात असतो आणि तपासणीला दिसत नाही. मग मागे जावे लागते. मागच्या दानाचा क्रमांक काय, त्यातून कोणते पदार्थ निघाले, ते कोणत्या दिवशी कोणाला गेले, ती तीन माणसे आज कोठे आहेत? दात्याची नोंदवही, घटकांची नोंदवही, मेळ पाहिल्याची नोंदवही, पिशवी बाहेर दिल्याची नोंदवही, अशा चार वह्यांतून एकच धागा सलग निघाला पाहिजे. जुन्या पेढीत रोजकीर्द आणि खतावणी जुळत नसेल तर मुनीम दिवा लावून रात्रभर बसे, कारण एक पैसा कोठे गेला हे सापडल्याशिवाय त्याला झोप येत नसे. येथे एक पैसा नसतो, तीन माणसे असतात.

आता जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी पेढी असली तरी दूरच्या तालुक्यात बाळंतीण रक्तस्रावाने अत्यवस्थ झाली तर पावसाळ्यातील ओढे ओलांडून तिला आणायचे केव्हा? म्हणून लहान रुग्णालयांत रक्ताची साठवण करण्यास परवानगी आहे. वर्षाला २००० पिशव्यांच्या आत वापर असलेल्या अशा केंद्रांना पेढीचा संपूर्ण परवाना लागत नाही; ती मोठ्या पेढीकडून तपासलेले, चिठ्ठी लावलेले रक्त आणून ठेवतात. योजना उत्तम आहे, पण तिने वहीचे दोन तुकडे केले. दात्याची बाजू मोठ्या पेढीत, घेणाऱ्याची बाजू लहान केंद्रात. जमेची वही एका गावी आणि नावेची दुसऱ्या गावी. लहान केंद्राने 'पिशवी वापरली' एवढेच कळवले आणि कोणाला ते कळवले नाही, तर धागा तेथेच तुटला. वाटेतल्या पेटीचे तपमान, पिशवी शीतकपाटाबाहेर किती वेळ होती ह्याचीही नोंद लागते. अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ बाहेर राहिलेली पिशवी परत साठ्यात ठेवायची नसते. आणि ती किती वेळ बाहेर होती हे पिशवीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही, फक्त कागदाकडे पाहून येते.

रुग्णाच्या खाटेशी जे घडते ते तर पेढीच्या हातात नाही, आणि धोका तेथेच सर्वांत मोठा. मेळ पाहण्यासाठी रुग्णाचे रक्त नळीत घेतात. ती नळी खाटेपाशीच, रुग्णासमोर, त्याच्या हातावरील पट्टी वाचून लिहायची असते. सकाळी दहा नळ्यांवर नावे लिहून ठेवून मग खाटांमधून फिरणे, किंवा दहा नळ्या भरून आणून मेजावर बसून नावे घालणे, ह्या दोन्ही सवयी वेळ वाचवतात आणि कधीतरी माणूस घालवतात. पिशवी लावताना दोघांनी मिळून, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ताडून पाहावे: नाव, रुग्णालयाचा क्रमांक, पिशवीचा क्रमांक, गट, मुदत. आणि रुग्णाला त्याचे नाव विचारावे, सांगू नये. "तुम्हीच ना लक्ष्मीबाई?" असे पांढऱ्या कपड्यातील माणसाने विचारले की, आपल्या खेड्यातील बाई भीतीने म्हणा, आदराने म्हणा, मान डोलावते, भाषा परकी असली तर नक्कीच डोलावते. "बाई, तुमचे नाव काय? गाव कोणते?" असे तिच्या भाषेत विचारले तर उत्तर तिला स्वतःला द्यावे लागते. ह्या एका प्रश्नासाठी तेलुगू परिचारिकेने मराठीची आणि गोंडीची दोन वाक्ये शिकून घेतली, तर तेवढी भाषा पुरे.

चिठ्ठीवरचे अक्षर खरे असूनही अपुरे असू शकते, ह्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या मुंबईने जगाला दिला. १९५२ साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया ह्या संशोधकांनी मुंबईतील अशी काही माणसे जगापुढे आणली की, ज्यांच्या पेशी 'ए'च्या किंवा 'बी'च्या कसोटीद्रव्याशी काहीच प्रतिक्रिया देत नव्हत्या. म्हणजे वरवर पाहता गट 'ओ'. परंतु त्यांच्या रक्तद्रवाने 'ओ' गटाच्या पेशीसुद्धा गोठळून टाकल्या! 'ए' आणि 'बी' ह्या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्यात नव्हता, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. त्या गटाला आज जगभर 'बॉम्बे' म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. अशा माणसाच्या हातावर कोणी घाईने 'ओ' अशी पट्टी बांधली आणि त्याला निळ्या चिठ्ठीचे रक्त लावले, तर काय होईल ते आधी सांगितलेच आहे. म्हणून पेशींचा गट पाहून थांबत नाहीत. उलट बाजूने रक्तद्रवही ज्ञात पेशींशी तपासतात आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच चिठ्ठी लिहितात. १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र निघाले. आज ते राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे, आणि असे विरळा रक्त व विरळा माणसे ह्यांचा शोध घेणे हे त्याच्या कामांपैकी एक.

आता आदिलाबादच्या डोंगरांकडे परत येतो, कारण माझ्या मते ह्या विषयातील सर्वांत अवघड गाठ तेथेच आहे. गोंड, परधान आदी समाजांत सिकल सेल हा जन्मजात विकार आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीत ओळखला गेला. पुढे विदर्भ, छत्तीसगड, तेलंगण असा सारा मध्य पट्टाच त्याने व्यापलेला दिसला. तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात, आणि पेशी लवकर मरत असल्यामुळे रक्त सदैव कमी. अशा मुलाला आयुष्यात कितीतरी वेळा रक्त लावावे लागते. त्याला दिलेले रक्त सिकल सेलचा दोष वाहणाऱ्या दात्याचे नसावे, म्हणून दात्याच्या नोंदीतही एक रकाना हवा.

पण गाठ ती नव्हे. 'ए', 'बी', 'ओ' आणि आरएच जुळवून रक्त दिले तरी तांबड्या पेशीवर इतर पुष्कळ खुणा असतात. केल, डफी, किड अशी त्यांची नावे. वारंवार रक्त घेणाऱ्या शरीरात त्यांतील एखादीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या खेपेस ती तपासणीत सापडतात आणि ती खूण नसलेले रक्त शोधून देता येते. परंतु रक्त लावण्यात खंड पडला तर ही प्रतिपिंडे हळूहळू विरतात, इतकी की, वर्षा-दोन वर्षांनी मेळ पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. शरीर मात्र विसरलेले नसते. जुळलेले म्हणून दिलेले रक्त शिरले की प्रतिपिंडे पुन्हा उसळतात आणि आठ-दहा दिवसांनी पेशी फुटू लागतात. तोवर मूल घरी गेलेले असते. त्याला ताप येतो, अंग दुखते, रक्त आणखी उतरते. डॉक्टर म्हणतात, सिकलचा झटका आला, आणखी रक्त लावा. हा घोटाळा टाळण्याचा उपाय कोणत्याही नळीत नाही. तो फक्त जुन्या वहीत आहे, जेथे कोणीतरी तीन वर्षांपूर्वी 'केलविरुद्ध प्रतिपिंड आढळले' अशी एक ओळ लिहिली होती.

आणि ती वही कोठे आहे? आदिलाबाद शहरात राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे, लोकांच्या तोंडी 'रिम्स'चे, रुग्णालय आहे. पण आजारी मुलाचे आईबाप राज्याची सीमा पाहून चालत नाहीत. मामा यवतमाळला असेल तर तिकडे, पैसे जमले तर सुमारे २०० किलोमीटरवरच्या नागपूरला, कोणी नांदेडला, कोणी हैदराबादला. एका मुलाचे रक्त चार गावच्या वह्यांत, तीन लिप्यांत, दोन राज्यांत विखुरलेले. त्यातून नियमाप्रमाणे पेढीने नोंदी ५ वर्षे जपायच्या. दप्तराच्या दृष्टीने ५ वर्षे पुष्कळ झाली. पण पाचव्या वर्षी पहिले रक्त घेतलेले मूल दहाव्या वर्षी शाळेत असते आणि त्याची पहिली नोंद रद्दीत. प्रतिपिंडांच्या नोंदीपुरती तरी ही मुदत रुग्णाच्या आयुष्याइतकी असावी असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या ओळी ठेवायला कोठडी लागत नाही, एक वही पुरते.

यंत्रे ह्यात मदत करू शकतात. पिशव्यांच्या क्रमांकाची 'आयएसबीटी १२८' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तेरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पेढीचा संकेत, वर्ष आणि अनुक्रम असा तिन्हींचा समावेश होतो, म्हणून जगात कोठेही तोच क्रमांक दुसऱ्या पिशवीला येत नाही, आणि बारकोड असल्यामुळे तो हाताने उतरवावाही लागत नाही. २०१६ पासून 'ई-रक्तकोश' ह्या सरकारी व्यवस्थेत पेढ्यांतील साठा पाहता येतो. रक्त लावल्यावर झालेल्या अपायांची देशभर नोंद घेणारा कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला आहे. परंतु साठा कळणे वेगळे आणि रुग्णाचा इतिहास कळणे वेगळे. पिशवी देशभर ओळखू येते, माणूस अजून पैनगंगा ओलांडताच अनोळखी होतो.

सिकल सेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणी झालेल्यांना कार्डे मिळू लागली आहेत. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्या कार्डाबरोबर आणखी एक कागद ठेवावा. रक्त लावून घरी निघताना रुग्णालयाकडून त्यावर चार गोष्टी लिहून मागाव्यात: तारीख, रक्तगट, किती पिशव्या आणि त्यांचे क्रमांक, आणि काही प्रतिपिंड आढळले असल्यास त्याचे नाव. ते नाव रोमन अक्षरांतच लिहून घ्यावे, म्हणजे नागपुरात आणि हैदराबादेत सारखेच वाचले जाईल. रक्त लागल्यापासून पंधरा दिवसांत ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी काळी झाली, तर ज्या डॉक्टरकडे जाल त्यास प्रथम हा कागद दाखवावा आणि रक्त केव्हा लावले ते सांगावे. आणि घर पावसाळ्यात गळत असते, म्हणून शिधापत्रिका ज्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचलेली असते, त्याच पिशवीत तो ठेवावा.